आपल्या उन्हातलं हरितगृह

मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी नाहीशी होते. या शून्य सावलीच्या दिवसाचं शाळांना आणि खगोलप्रेमींना कौतुक असतं, पण घरच्या बागेत हरितगृह उभारायचा विचार करणाऱ्यानेही तो चुकवू नये. साडेबाराच्या सुमारास आपल्या गच्चीवर किंवा परसात जाऊन पाहावं. भिंतीची, कठड्याची, पाण्याच्या टाकीची कुणाचीच सावली कामाला येत नाही. लादीवर अनवाणी पाय ठेववत नाही. कुंडीतली मातीही वरच्या दोन बोटांपर्यंत तापलेली असते. आपल्या झाडांना नेमकं कशापासून वाचवायचं आहे, हे त्या वेळी जितकं स्वच्छ कळतं तितकं कुठलंही माहितीपत्रक वाचून कळत नाही.

माहितीपत्रकांतली चित्रं मात्र वेगळंच सांगतात. पारदर्शक प्लास्टिकचं किंवा काचेचं छोटंसं घर, चारी बाजूंनी बंद, पुढे चेन लावलेलं दार, आत टोमॅटो लगडलेले. असे तयार संच आता घरपोच मिळतात आणि दिसतातही फार देखणे. पण ते थंड देशांतल्या गरजेतून घडलेले आहेत. ही कल्पना मुळापासूनच थंडीशी झगडणाऱ्यांची आहे. रोमन सम्राट तिबेरियस याला काकडीच्या जातीचं एक फळ बारा महिने पानात लागे. त्यासाठी त्याचे माळी चाकांवरचे वाफे दिवसा उन्हात ढकलत नेत आणि थंडीत ते पारदर्शक दगडाच्या चकत्यांखाली ठेवत, असं रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. पुढे युरोपात काच स्वस्त झाली, लोखंडी सांगाडे आले आणि इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या बागेत काचघरं बांधणाऱ्या जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा केला. त्याच धर्तीचं काचघर १८८९ मध्ये बंगळुरूच्या लालबागेत आलं. आज ते ओळखलं जातं ते तिथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांसाठी. बंगळुरूसारख्या समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या गावातही झाडांना काचेच्या उबेची निकड नव्हती.

बंद घर तापतं कसं, हे नीट समजलं की निवडीचे निम्मे प्रश्न सुटतात. काच ऊन आत येऊ देते आणि जमिनीतून परत निघणारी उष्णता अडवते, म्हणून आतली हवा गरम राहते, असं आपण शाळेत शिकतो. ते काही अंशी खरं आहे, पण मुख्य कारण दुसरंच आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली एक साधा प्रयोग केला. काळ्या पुठ्ठ्याचे दोन डबे घेतले. एकावर काच बसवली आणि दुसऱ्यावर खनिज मिठाची पारदर्शक चकती. मिठातून उष्णतेचे किरण सहज बाहेर पडतात, काचेतून पडत नाहीत. दोन्ही डबे उन्हात ठेवले आणि येणारं ऊन आधी काचेतूनच गाळून घेतलं, तेव्हा दोहोंच्या तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक राहिला. याचा अर्थ असा की झाकण काचेचं आहे की मिठाचं, याने फारसं काही बिघडत नव्हतं. गरम झालेली हवा वर जाऊन निसटायची, ती झाकणामुळे कोंडली गेली होती.

आपल्याकडे ही कोंडलेली हवाच झाडांचा घात करते. बाहेर पारा ३८ अंशांवर असताना बंद प्लास्टिकच्या छोट्या घरात तो ४५ च्या पलीकडे सहज जातो. टोमॅटोचं झाड अशा उष्म्यात जगेल कदाचित, पण फळ धरणार नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. लेट्यूस कडू होऊन तुऱ्यावर येतं. पालक, कोथिंबीर दांडे सोडतात.

मग तळेगाव दाभाडे आणि मावळातली पॉलिहाऊस कशी चालतात, असा प्रश्न येणारच. तिथला गुलाब आणि जरबेरा बाजारात मान मिळवतो. पण ती घरं जवळून पाहिली की उत्तर मिळतं. माथा पाच-सहा मीटर उंच असतो, त्याच्याखाली हवेचा मोठा साठा असतो. वर हवा निघून जायला कायम उघडी झडप असते, चारी बाजूंना गुंडाळता येणारे पडदे असतात, आत सावलीची जाळी आणि तुषारांसाठी फॉगर असतात. शिवाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पडदे वर-खाली करायला माणूस हजर असतो. सहा फूट बाय चार फुटांच्या घरगुती संचात यातलं काहीच नसतं. आतली हवा थोडी, म्हणून ती झटकन तापते. दहाला ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी सातला परत येईपर्यंत रोपांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरच्या बागांना बंद हरितगृह नको. त्यांना वर सावली हवी, पावसाळ्यात छप्पर हवं आणि बाजूंनी वारा खेळता हवा. आपल्या पानमळ्यांनी हेच केलं आहे. शेवरी, पांगारा, हादगा लावून त्यांच्या विरळ सावलीत आणि आधारावर नाजूक पानवेल चढवायची, कडेने वारा अडवणारं कुंपण करायचं. ऊन पूर्ण तोडायचं नाही, फक्त त्याची धार कमी करायची. शेडनेटची जाळी आज हेच काम करते.

शेडनेट घेताना दुकानदार पहिल्यांदा विचारतो, किती टक्के? ३५, ५०, ७५ आणि ९० टक्के हे नेहमी मिळणारे प्रकार. जाळी किती ऊन अडवते, त्याचा हा आकडा. लोकांना वाटतं, जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली, आणि मग ९० टक्क्यांची जाळी घेऊन खाली मिरची लावतात. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. बहुतेक भाज्यांचं एकेक पान यातला सुमारे तिसरा हिस्साच कामी लावू शकतं. उरलेला प्रकाश पान तापवतो आणि पाणी उडवतो. पण झाडाची सगळी पानं वरच्या थरात नसतात. खालच्या पानांपर्यंतही उजेड पोचावा लागतो. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची यांसारख्या फळभाज्यांना ३५ टक्के पुरे. पालेभाज्या आणि रोपवाटिकेला ५० टक्के. अँथुरियम, नेचे आणि सावलीतली ऑर्किडं असतील तरच ७५. नव्वद टक्क्यांची जाळी गाडी उभी करायला ठीक आहे.

रंगाबद्दल एवढंच सांगतो. हिरवी जाळी सगळीकडे दिसते, कारण ती डोळ्यांना बरी वाटते. पण पानांना हिरव्या प्रकाशाचा उपयोग तुलनेने कमी, आणि हिरवी जाळी नेमका तोच जास्त आत सोडते. पांढरी जाळी प्रकाश पसरवते, त्यामुळे आतल्या पानांवर तो सारखा पडतो आणि जाळी स्वतः कमी तापते. काळी जाळी सगळे रंग सारखेच अडवते, पण स्वतः तापते, म्हणून ती झाडांपासून उंचावर हवी. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली चंदेरी जाळी ऊन परतवण्यात सगळ्यांत उजवी, पण महाग. घरासाठी मी पांढरी निवडेन.

जाळीच्या बाबतीत खरी अडचण जूनपासून सुरू होते. आभाळ भरून आलं की तोच लाखभर लक्सचा प्रकाश दहा-वीस हजारांवर उतरतो. मे महिन्यात वरदान वाटलेली ५० टक्क्यांची जाळी जुलैत रोपांना अंधारात ठेवते. ती लांबट, पिवळट होतात, वाऱ्याने लवतात आणि बुरशीला बळी पडतात. म्हणून जाळी सांगाड्याला कायमची आवळून टाकू नये. तारेवर कड्या ओवून पडद्यासारखी सरकवता आली पाहिजे. ही सोय पुढे करता येईल म्हणून टाळली जाते आणि मग कधीच होत नाही. ती पहिल्याच दिवशी सांगाड्याबरोबर करून घ्यावी.

पावसासाठी छप्पर लागतं ते वेगळ्या कारणाने. पावसाचे थेंब कोथिंबिरीची कोवळी रोपं मातीत दाबतात, चिखलाचे शिंतोडे पानांवर उडतात, आणि त्या शिंतोड्यांबरोबर करपाही चढतो. केरळात यासाठी रेन शेल्टर नावाचा साधा प्रकार चांगला रुजला आहे. वर पारदर्शक प्लास्टिक आणि बाजू उघड्या. कोकणात, घाटमाथ्यावर आणि मुंबईच्या गच्च्यांवर हेच योग्य. प्लास्टिक घ्यायचं तर अतिनील किरणांना टिकणारं, २०० मायक्रॉन जाडीचं. साधा प्लास्टिकचा पारदर्शक कागद एका उन्हाळ्यात कडकडीत होऊन फाटतो. चांगला कागद नीट ताणून बसवला तर तीन ते पाच वर्षं टिकतो. पॉलिकार्बोनेटचा पत्रा त्याहून जास्त टिकतो, पण त्याची संरक्षक थर असलेली बाजू वर ठेवावी लागते. ती उलटी बसवली तर पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. काच आपल्या गच्चीवर नकोच. चार मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला दहा किलो भरते आणि वळवाच्या गारांचं काही सांगता येत नाही.

छताला चांगला उतार द्यावा. दहा फूट बाय दहा फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊशे लिटरहून जास्त पाणी होतं. कोकणात जुलैमध्ये असे दिवस नवलाचे नाहीत. उतार कमी असेल तर प्लास्टिकला पोट सुटतं, त्यात पाणी साचतं आणि सांगाडा वाकतो. खाली पन्हळ लावून ते पाणी पिंपात घ्यावं. बोअरच्या जड पाण्यापेक्षा ते कुंड्यांना कितीतरी चांगलं. इथेच एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. छपराखालच्या मातीला पाऊस कधीच धुऊन काढत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार साठत जातात आणि कुंडीच्या कडांवर पांढरा थर दिसू लागतो. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत भरपूर द्यावं.

ऊन आणि पाऊस दोन्ही अडवायचे असतील तर जाळी प्लास्टिकच्या वर, हातभर अंतर सोडून ताणावी. कित्येक जण ती आतून लावतात, कारण तशी ती सोपी पडते. पण आतल्या जाळीपर्यंत पोचलेलं ऊन आधीच घरात शिरलेलं असतं. जाळी तापते आणि ती उष्णता आतच राहते.

सूर्याची चाल आपल्या अक्षांशावर समजून घेतली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत हरितगृहाचं तोंड दक्षिणेला असावं असं लिहिलेलं असतं. इंग्लंडात दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडेच असतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि डिसेंबरात तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर येतो. म्हणून उन्हाळ्यात छत सांभाळायचं आणि हिवाळ्यात दक्षिणेचं तिरकं ऊन आत येऊ द्यायचं. सगळ्यांत त्रासदायक असतं ते मार्च ते मे मधलं तीन ते पाचचं पश्चिमेचं ऊन. ते छताखालून आडवं शिरतं. पश्चिमेच्या बाजूला खालपर्यंत एक जाळी लटकवली तर बागेचा अर्धा ताप जातो.

वाऱ्याचा हिशेब करायला लोक विसरतात आणि हीच चूक सगळ्यांत महाग पडते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. दहा बाय दहाच्या प्लास्टिकवर तो सव्वाचारशे किलोंच्या वर जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्रे, कौलं, मांडव कसे उडाले ते तिथल्या लोकांना सांगायला नको. वादळ सोडा, वळवाच्या आधीची वावटळही चार विटांवर ठेवलेला संच शेजारच्या इमारतीत नेऊन टाकू शकते, आणि खाली माणसं असतात. म्हणून गच्चीवर सांगाडा जीआय पाइपचाच हवा. स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग फोडू नये. पाय काँक्रीटने भरलेल्या डब्यांत किंवा ठोकळ्यांत बसवावेत आणि सांगाडा कठड्यालाही पक्का बांधावा. जाळी आणि कागद सुतळीने न बांधता ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंगने अडकवावेत. वादळाचा इशारा आला की स्प्रिंग ओढून दहा मिनिटांत कागद उतरवता येतो. सांगाडा वाचला तर सगळं वाचलं.

गच्चीवर वजनाचाही प्रश्न असतो. ये-जा असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो वापराचं वजन धरून आखलेली असते. एक फूट खोल ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास जातो. म्हणून कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, उसाचं चिपाड यांची हलकी भर वापरावी. वजनदार कुंड्या भिंतीलगत आणि तुळयांवर ठेवाव्यात. सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्यावी आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवावं. इथे काटकसर करू नये.

आता बाजूंचं बघू. कीटकांसाठी बारीक जाळी लावावी का? ४० मेशची जाळी मावा, सुरवंट, पतंग रोखते. पांढरी माशी अडवायची तर ५० मेश लागते. पण भोकं जितकी बारीक, तितका वारा कमी. शिवाय एकदा आत शिरलेल्या लाल कोळ्याला आणि फुलकिड्यांना आत पावसाचा मारा नसतो आणि शत्रूही नसतात, त्यामुळे ते झपाट्याने वाढतात. मधमाश्याही बाहेरच राहतात. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, त्याला वाऱ्याचा किंवा बोटाचा हलका धक्का पुरतो. पण काकडी, दोडकं, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. बारीक जाळीआड ती लावली तर ब्रशने परागीकरण करावं लागतं, नाहीतर परागीकरणाशिवाय फळणाऱ्या काकडीचं बी आणावं लागतं. त्यामुळे घरी पूर्ण जाळीचं घर करण्यापेक्षा रोपवाटिकेच्या एका वाफ्यावर बारीक जाळीची पेटी ठेवावी. रोपं पहिले तीन-चार आठवडे पांढऱ्या माशीपासून वाचली तर विषाणूजन्य रोगांचा धोका पुष्कळ कमी होतो.

महाराष्ट्र एका हवामानाचा नाही. निफाडला हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत खाली येतो. तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पडदे सोडून ऊब धरणं आणि सकाळी नऊच्या आत ते उघडणं खरंच उपयोगी आहे. नागपूर-चंद्रपूरला उन्हाळा पंचेचाळीसच्या पार जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून तिथे ओल्या वाळ्याचे पडदे किंवा फॉगर आतली हवा कित्येक अंशांनी उतरवतात. रत्नागिरीत किंवा वसईत हाच फॉगर लावला तर गारवा जेमतेम मिळतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडतच नाही. उलट भुरी आणि केवडा यांना आमंत्रण मिळतं. जे नागपूरला कूलरचं, तेच बागेतल्या फॉगरचं.

खरेदीला निघताना मी आधी कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्यायला सांगेन. पहिल्या वर्षी फक्त सांगाडा आणि सरकती जाळी करावी, माथा निदान आठ फूट उंच ठेवावा, म्हणजे तापलेली हवा डोक्यांच्या वर राहते. थर्मामीटर झाडांच्या उंचीला, सावलीत टांगावा. छप्पर पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावं की नाही, बाजूचे पडदे लागतात की नाही, हे त्याच्या नोंदी सांगतील. विक्रेत्याला दर विचारताना त्यात पाया, प्रोफाइल-स्प्रिंग आणि पन्हळ धरलेले आहेत का, आणि तीन वर्षांनी नुसता कागद बदलायला किती लागतील, हेही विचारावं. शेतीच्या हरितगृहाला मिळणारं अनुदान सातबाऱ्यावरच्या जमिनीसाठी असतं. गच्चीच्या बागेला ते मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी मात्र यातलं बरंच उलटं आहे. इंग्लंडात आठ बाय सहा फुटांचं ॲल्युमिनियमच्या चौकटीचं काचघर परसात असणं अगदी स्वाभाविक. तिथे ऊन जपायचं असतं, म्हणून काच किंवा दुपदरी पॉलिकार्बोनेट योग्य, आणि दक्षिणेकडची मोकळी जागाही. छताची खिडकी मेणाच्या नळीवर आपोआप उघडणारी घ्यावी. ऊन वाढलं की मेण फुगतं आणि दांडा खिडकी उचलतो, वीज लागत नाही. अशा घरात मिरची आणि टोमॅटो ऑक्टोबरपर्यंत मिळतात. पण कढीपत्त्याच्या बाबतीत फसू नये. तापवण्याची सोय नसलेलं काचघर जानेवारीच्या रात्री बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंशांनीच उबदार राहतं आणि कढीपत्त्याला दहा अंशांच्या खाली सोसत नाही. त्याची कुंडी सप्टेंबरच्या अखेरीस उचलून घरात, उजेडाच्या खिडकीशी आणावी. पानं गळली तरी झाड मेलं असं समजू नये. पाणी अगदी बेताने द्यावं आणि रात्री उबदार झाल्या की ते पुन्हा बाहेर ठेवावं.